परत घेताना किती द्याल? रंगीत हिऱ्यांत पैसे गुंतवायला सांगणाऱ्यांना खुले पत्र

दुर्मीळ रंगीत हिरे हा संपत्ती वाढवण्याचा मार्ग आहे, असे सांगणाऱ्या सर्व विक्रेत्यांना, दलालांना आणि सल्लागारांना,

स. न. वि. वि.

तुमच्या माहितीपत्रकात एक आकडा ठळक असतो आणि दुसरा नसतोच. हा खडा आज तुम्ही कितीला विकता, हा पहिला आकडा. तोच खडा, त्याच प्रमाणपत्रासह, पुढच्या आठवड्यात मी परत घेऊन आलो तर तुम्ही कितीला घ्याल, हा दुसरा. हे पत्र त्या दुसऱ्या आकड्याच्या मागणीसाठी आहे. पुढचे सगळे लिहितो आहे ते ही मागणी आगाऊपणाची नाही एवढे पटवण्यापुरते.

माझी ओळख थोडक्यात. मी व्यापारी नाही. रत्नशास्त्र शिकलेला, भिंगातून खड्यांचे पोट न्याहाळण्यात रमणारा माणूस आहे. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक पैसे देण्यापूर्वी तुमचे कागद माझ्यापुढे आणून ठेवतात. बहुतेकांच्या हाती निवृत्तीचे किंवा घर विकल्याचे एकरकमी पैसे आलेले असतात. गंमत अशी, की त्या कागदांतली बरीचशी विधाने खरी असतात. धडधडीत खोटे असते तर मी दोन वाक्यांत सांगून मोकळा झालो असतो. पण खरी विधाने अशा क्रमाने मांडलेली असतात, की वाचणारा आपणहूनच चुकीच्या निष्कर्षाला पोचतो आणि तुम्ही मात्र तसे कुठेच म्हटलेले नसते.

दुर्मीळपणापासून सुरुवात करतो, कारण तुम्हीही तिथूनच करता. रंगीत हिरे दुर्मीळ आहेत, यात वाद नाही. शुद्ध कार्बनच्या निर्दोष स्फटिकाला रंग नसतो. रंग येतो तो काहीतरी बिनसल्यामुळे. कार्बनच्या जागी नायट्रोजनचे अणू शिरले की हिरा पिवळा होतो, बोरॉनचे शिरले की निळा. हिरव्या रंगामागे बहुधा किरणोत्सर्गी खनिजांचा दीर्घ काळाचा शेजार असतो. गुलाबी आणि लाल हिऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. तिथे कुणी परका अणू सहसा नसतोच. जमिनीच्या पोटातल्या प्रचंड दाबाने स्फटिकाची जाळीच किंचित मुरडली गेलेली असते. ही मुरड थोडी जास्त पडली की गुलाबीचा तपकिरी होतो. निसर्गाने हात नेमका कुठे आवरला, यावर त्या खड्याचे नशीब ठरते. हे सगळे मला आजही विलक्षण वाटते आणि त्यासाठी कुणी पैसे मोजले तर त्याला मी वेड्यात काढणार नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अर्गाइल खाणीचे नाव तुमच्या प्रत्येक कागदावर असते. जगातल्या गुलाबी हिऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक या एका खाणीने दिले. १९८३ पासून तिने ८६ कोटी ५० लाख कॅरटहून अधिक कच्चा माल काढला, त्यात गुलाबी खड्यांचा वाटा एका टक्क्याहूनही कमी होता. ३ नोव्हेंबर २०२० रोजी रिओ टिंटो या खाणकंपनीने ती बंद केली. इथपर्यंत तुम्ही सांगता.

त्याच खाणीतून निघालेल्या मालात सर्वाधिक खडे तपकिरी होते, हे मात्र कागदावर येत नाही. एके काळी त्यांना दागिन्यात फारसे कुणी विचारीत नसे. मग ‘शॅम्पेन’ आणि ‘कोन्याक’ अशी बारशी झाली आणि ते दिमाखात दुकानात बसले. माझी त्याला हरकत नाही. चांगल्या उजेडात शॅम्पेन छटेचा खडा देखणाच दिसतो. हरकत आहे ती वेगळ्याच गोष्टीला. लाल हिऱ्याचा दुर्मीळपणा, निळ्या हिऱ्याचा लिलाव आणि गुलाबी हिऱ्याची बंद पडलेली खाण अशी तीन चित्रे दाखवून झाल्यावर शेवटच्या पानावर विकायला असतो तो फिकट पिवळा किंवा तपकिरी झाक असलेला खडा. पिवळे आणि तपकिरी हे रंगीत हिऱ्यांत सर्वांत जास्त आढळणारे रंग आहेत. एकाच आडनावाची माणसे एकमेकांच्या कर्तबगारीवर मोठी होत नसतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला ते सांगायचे राहून जाते.

खाण बंद पडल्याचा मुद्दा आणखी थोडा ताणून पाहू. अर्गाइल अचानक बुडाली नाही. तिचे आयुष्य सरत आले आहे हे व्यापाऱ्यांना कित्येक वर्षे आधी माहीत होते, आणि जी टंचाई सगळ्यांना आधीच माहीत असते ती भावात आधीच मुरलेली असते. शिवाय ‘आता गुलाबी हिरा निघणारच नाही’ हे वाक्य खरेही नाही. जुलै २०२२ मध्ये अंगोलातल्या लुलो खाणीतून १७० कॅरटचा गुलाबी कच्चा हिरा निघाला. टांझानियातली विल्यमसन खाण गुलाबी खड्यांसाठीच प्रसिद्ध आहे. पुरवठा आटला हे मान्य. पण वस्तू दुर्मीळ असली म्हणजे तिला गिऱ्हाईक हमखास असते, हे कुठून आले? गिऱ्हाईकही तितकेच दुर्मीळ असू शकते.

आता लिलावांकडे वळतो. हा तुमच्या कागदांतला सर्वांत चकचकीत भाग. मे २०१६ मध्ये ‘ओपनहायमर ब्लू’ हा १४.६२ कॅरटचा निळा हिरा ५ कोटी ७५ लाख डॉलरला गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘विल्यमसन पिंक स्टार’ हा ११.१५ कॅरटचा गुलाबी हिरा ५ कोटी ७७ लाख डॉलरला गेला. आकडे खरे आहेत. मी यांच्या शेजारी आणखी काही आकडे ठेवतो, तेही तितकेच जाहीर आहेत.

‘पिंक स्टार’ घ्या, वरच्या विल्यमसनहून हा निराळा गुलाबी हिरा. ५९.६० कॅरट, रंगाची सर्वोच्च श्रेणी, आतून निर्दोष. नोव्हेंबर २०१३ मध्ये जिनेव्हात सदबीजच्या लिलावात तो ८ कोटी ३२ लाख डॉलरला गेल्याची बातमी जगभर झाली. पुढची बातमी तितकी गाजली नाही. घेणाऱ्याने पैसे दिलेच नाहीत. सदबीजने विकणाऱ्याला सुमारे ६ कोटी डॉलरची हमी देऊन ठेवली होती, त्यामुळे खडा लिलावगृहाच्याच गळ्यात पडला. तो पुन्हा लिलावात आला एप्रिल २०१७ मध्ये, हाँगकाँगला. चाऊ ताई फूक या जवाहिऱ्या कंपनीने तो ७ कोटी १२ लाख डॉलरला घेतला. कुठल्याही हिऱ्याला लिलावात मिळालेली तोवरची सर्वांत मोठी रक्कम होती ती, आणि तरीही साडेतीन वर्षांपूर्वीच्या आकड्याहून एक कोटी वीस लाखांनी कमी. जगातल्या दोन सर्वांत मोठ्या लिलावगृहांपैकी एकाला, आपल्या श्रीमंत ग्राहकांची यादी हाताशी असताना, हा खडा खपवायला इतका काळ लागला. अर्धा कॅरटचा खडा घेऊन निघालेल्या निवृत्त शिक्षिकेने किती काळ धरून चालावे?

नोव्हेंबर २०१७ मध्ये ३७.३० कॅरटचा ‘राज पिंक’ दोन ते तीन कोटी डॉलरच्या अंदाजाने लिलावात ठेवला होता. तो विकलाच गेला नाही. अभिनेत्री शर्ली टेंपलच्या निळ्या हिऱ्याची कथा तर तुम्हाला मुखोद्गत असते: वडिलांनी १९४० मध्ये लेकीसाठी ७,२१० डॉलरला घेतलेली ९.५४ कॅरटची अंगठी, आज कोट्यवधींची! एप्रिल २०१६ मध्ये न्यूयॉर्कला ती अडीच ते साडेतीन कोटी डॉलरच्या अंदाजाने मांडली गेली. बोली २ कोटी २० लाखांवर अडली, राखीव किंमत गाठली गेली नाही, आणि अंगठी आली तशी परत गेली. वाढ खोटी नव्हती. १९४० मध्ये घेऊन अनेक दशके थांबलेल्या घराण्याचे भलेच झाले. पण ज्या दिवशी अंगठी लिलावात मांडली त्या दिवशी घेणारा मिळाला नाही, हा त्याच कथेचा उत्तरार्ध आहे. तो तुमच्या कागदावर मी अजून वाचलेला नाही.

लिलावाच्या आकड्यांत आणखी एक मेख असते. बातमीत येणारी रक्कम ही घेणाऱ्याने मोजलेली रक्कम असते, तीत लिलावगृहाचा अधिभार धरलेला असतो. सर्वसाधारण किमतीच्या वस्तूंवर हा अधिभार बोलीच्या पाव हिश्श्याच्या आसपास जातो. विकणाऱ्याकडूनही दलाली, छायाचित्रण, विमा असे खर्च वळते होऊ शकतात. म्हणजे बातमीतला आकडा विकणाऱ्याच्या खिशात पडत नाही. तुम्ही मात्र तोच आकडा ‘परतावा’ काढायला वापरता.

तुमचा सगळ्यांत लाडका मुद्दा असा, की शेअर बाजार पडतो तेव्हाही रंगीत हिऱ्यांचे भाव हलत नाहीत. याचे मला पहिल्यांदा कौतुक वाटले होते, मग हसू आले. ज्या वस्तूचा भाव रोज निघतो तिची पडझड रोज दिसते. ज्या वस्तूचा व्यवहार वर्षानुवर्षे होत नाही तिच्या आलेखाची रेघ सरळच येणार. पडत्या काळात विक्रेते खडे तिजोरीत ठेवून देतात, लिलावगृहे चांगला माल पुढे ढकलतात, सौदे होत नाहीत, आणि सौदे नाहीत म्हणून भाव पडल्याची नोंदही होत नाही. या शांततेला तुम्ही स्थैर्य म्हणता. नेमक्या त्याच महिन्यात ज्याला पैशांची गरज पडली त्याला विचारा. एकोणीसशे सत्तरच्या दशकात महागाईच्या भीतीने लोकांनी पांढरे हिरे ‘सुरक्षित ठेव’ म्हणून घेतले होते. १९८० च्या सुमारास भाव शिखराला पोचले आणि पुढच्या काही वर्षांत धाडकन खाली आले. तेव्हाही ‘हिरा कधी उतरत नाही’ हेच ऐकवले जात होते.

भाव ठरतो कसा, हेही एकदा मोकळेपणाने बोलू या. सोन्याचा तोळा कुणाकडूनही घेतला तरी तोळाच. रंगीत हिऱ्यात दोन नग सारखे नसतात. जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या प्रमाणपत्रावर रंगाची श्रेणी असते, फिकटापासून चढत जाणारी: फॅन्सी लाइट, फॅन्सी, फॅन्सी इंटेन्स, फॅन्सी व्हिविड, गडद खड्यांसाठी डीप आणि डार्क. शिवाय मुख्य रंगाआधी उपरंग लागतो. जांभळट गुलाबी आणि तपकिरट गुलाबी यांच्या भावात जमीन-अस्मानाचे अंतर पडू शकते. ही श्रेणी शेवटी ठरावीक प्रकाशात, नमुन्याच्या खड्यांशी ताडून, माणसाच्या डोळ्यांनी ठरवली जाते. ते डोळे प्रशिक्षित असतात, एकाहून अधिक असतात, सगळे मान्य. पण इंटेन्स आणि व्हिविड यांच्या सीमेवर बसलेल्या खड्याला इकडे ढकलायचे की तिकडे, यावर किंमत काही पटींनी बदलू शकते, आणि व्यापारी असे सीमेवरचे खडे पुन्हा पुन्हा तपासणीला पाठवतात, हे तुमच्या धंद्यात कुणाला नवीन नाही.

या श्रेणीपायी लोक काय करतात याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे विटेल्सबाख. युरोपातल्या राजघराण्यांत शतकानुशतके नांदलेला ३५.५६ कॅरटचा निळा हिरा. २००८ च्या डिसेंबरात हिरेव्यापारी लॉरेन्स ग्राफ यांनी तो लंडनला ख्रिस्टीजच्या लिलावात घेतला आणि पुन्हा पैलू पाडून ३१.०६ कॅरटचा केला. साडेचार कॅरट इतिहास भुकटी होऊन उडाला. बदल्यात प्रमाणपत्रावरची ‘राखाडी’ झाक गेली आणि शुद्धता निर्दोष ठरली. संग्रहालयांतल्या जाणकारांनी नाके मुरडली, व्यापाराच्या दृष्टीने हिशेब चोख होता. मला व्यक्तिशः त्या जुन्या पैलूंची हळहळ वाटते, पण तो माझा प्रश्न.

सांगायचे इतकेच, की अशा वस्तूला बाजारभाव नसतो, प्रत्येक खड्याला त्याचा त्याचा सौदा असतो. पांढऱ्या हिऱ्यांना निदान रॅपापोर्टची भावयादी तरी आहे, ज्यावर व्यापारी टक्क्यांत घासाघीस करतात. रंगीत हिऱ्यांसाठी तशी सर्वमान्य यादी नाही. काही निर्देशांक निघतात, ते घाऊक भावांवर बेतलेले असतात. तुमचा गिऱ्हाईक किरकोळीच्या भावाने घेतो आणि विकायला गेला की घाऊकच्या दारात उभा राहतो. घाऊक निर्देशांक वाढल्याचा आलेख त्याला दाखवणे म्हणजे नेमकी त्याची अडचण लपवणे.

आणि तो मूल्यांकनाचा दाखला! खड्याबरोबर तुम्ही एक रुबाबदार कागद देता, त्यावर खरेदीपेक्षा बरीच मोठी रक्कम लिहिलेली असते. गिऱ्हाईक हरखून जातो, की घेतल्या दिवशीच फायदा. ते मूल्यांकन विम्यासाठी असते. खडा हरवला तर दुकानातून तसाच दुसरा आणायला किती लागतील, याचा तो अंदाज. विकायला गेल्यावर किती मिळतील याच्याशी त्याचा संबंध नाही. जीआयए स्वतः कुठल्याही खड्याची किंमत सांगत नाही, फक्त गुणधर्म सांगते. ही गोष्ट माहीत नसलेले लोक मला सतत भेटतात, आणि त्यांना ती सांगण्याचे काम तुमचे होते.

इटलीत काय झाले ते या संदर्भात आठवून पाहा. तिथे दोन कंपन्या चार मोठ्या बँकांच्या शाखांमार्फत साध्या ठेवीदारांना हिरे विकत होत्या. अर्थविषयक वर्तमानपत्रांत हिऱ्यांचे ‘दर’ नियमित छापून येत, ते सतत चढते असत, आणि बँकेतला माणूस तेच पान पुढे करी. ते दर कुठल्या बाजारातून आलेलेच नव्हते. त्या कंपन्यांनीच ठरवलेल्या त्यांच्या विक्रीच्या किमती होत्या, पैसे देऊन छापवून घेतलेल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने दोन्ही कंपन्यांना आणि चारही बँकांना मिळून दीड कोटी युरोहून अधिक दंड केला. लोक खडे परत विकायला गेले तेव्हा घेणारा कुणी नव्हता, आणि पुढे २०१९ च्या सुरुवातीला त्यातली एक कंपनी दिवाळखोरीत गेली. हे हिरे खरे होते, चोरीचे नव्हते, प्रमाणपत्रांसह होते. लाखाचे बारा हजार झाले ते निव्वळ एकतर्फी भावामुळे. पांढऱ्या हिऱ्यांत, जिथे भावयादी उपलब्ध आहे, तिथे हे होऊ शकले. रंगीत खड्यांत तर ताडून पाहायलाही काही नाही.

याच्या पुढचे टोक फ्लोरिडात दिसले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने रंगीत हिऱ्यांच्या नावाने चाललेली सुमारे तीन कोटी डॉलरची योजना न्यायालयामार्फत थांबवली. आयोगाचा आरोप असा होता, की कच्चे रंगीत हिरे घेऊन, पैलू पाडून, नफ्यात विकण्याचे आश्वासन होते आणि प्रत्यक्षात नव्या लोकांच्या पैशांतून जुन्यांना परतावा दिला जात होता. तुम्ही सगळे असे आहात असे मी म्हणत नाही. मात्र तिथेही रंगीत हिराच का निवडला गेला असावा, याचा विचार करा. ज्याची किंमत कुणालाच पडताळता येत नाही अशी वस्तू लबाडाला सोयीचीच.

आता थोडे गणित. समजा, तुम्ही खडा १०० ला विकला आणि व्यापारी तोच खडा ५० ला घ्यायला तयार आहे. दुकानाचे भाडे, दलाली, कर, तुमचा नफा हे सगळे धरता असा फरक मुळीच अशक्य नाही. आता भाव दरसाल आठ टक्क्यांनी वाढत राहिले, एकही वर्ष न चुकता, तर गिऱ्हाइकाला त्याचे १०० परत मिळायला नऊ वर्षे लागतील. विमा आणि तिजोरीचे भाडे वर्षाला एक टक्का धरा, तर दहाहून अधिक. एवढी वर्षे खड्यातून व्याज नाही, लाभांश नाही, भाडे नाही. निम्म्याने घेणार नाही, ऐंशीला घेऊ, असे तुमचे म्हणणे असेल तर उत्तम. तसे लिहून द्या, मी हे गणित आनंदाने पुसून टाकतो.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या आणि रंग चढवलेल्या खड्यांवर फार लिहीत नाही, कारण त्याबद्दल निदान बोलले तरी जाते. २०१८ मध्ये नैसर्गिक हिऱ्यांच्या धंद्यातली बडी कंपनी असलेल्या डी बिअर्सनेच प्रयोगशाळेतले गुलाबी आणि निळे हिरे कॅरटला ८०० डॉलर या भावाने विकायला काढले. उच्च दाब आणि तापमान, किरणोत्सर्ग, लेप अशा उपायांनी नैसर्गिक खड्याचाही रंग बदलता येतो. म्हणूनच प्रमाणपत्रावर ‘रंगाचे मूळ’ हा रकाना असतो आणि हिरव्या खड्यांच्या बाबतीत कधीकधी तिथे ‘निश्चित करता आले नाही’ असेही येते. खोटे क्रमांक कोरून प्रयोगशाळेतला खडा नैसर्गिक खड्याच्या प्रमाणपत्रावर खपवण्याचे प्रकार जीआयएने स्वतः उघड केले आहेत. तेव्हा पैसे देण्याआधी खडा गिऱ्हाइकाने निवडलेल्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासू द्यायला तुम्ही का कू करता कामा नये. एवढे बोलून हा विषय सोडतो.

तिजोरीचे मात्र सोडवत नाही. अलीकडे तुमच्यापैकी अनेकजण सांगतात, की खडा घरी नेण्याची दगदग नको, आम्ही तो करमुक्त गोदामात सुरक्षित ठेवतो, तुम्हाला मालकीचा कागद मिळेल. म्हणजे म्हैस पाण्यात आणि मोल काठावर. त्या गोदामात नेमका माझा खडा आहे की ‘माझ्यासारखा’ एक खडा आहे? खड्याच्या मेखलेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, कोरलेला क्रमांक पावतीवर आहे का? तो खडा तुमच्या कर्जासाठी कुणाकडे तारण नाही ना? उद्या तुमची कंपनी बंद पडली तर तो माझा ठरेल की तुमच्या देणेकऱ्यांचा? हे प्रश्न मी एका सल्लागाराला विचारले, तेव्हा त्याने मला गोदामाच्या भिंतींची जाडी सांगितली.

तर माझे मागणे. तुम्ही विकत असलेल्या प्रत्येक खड्याशेजारी, विक्रीच्या किमतीइतक्याच ठळक अक्षरात, आज रोख देऊन परत घ्यायची तुमची किंमत छापा. ‘परत विकायला मदत करू’ हे चालणार नाही. मदत शेजारीही करतो. स्वतः घेणार नसाल तर घेणाऱ्या एका स्वतंत्र व्यापाऱ्याची लेखी बोली जोडा. त्यासोबत तुम्ही आजवर विकलेल्यांपैकी किती खडे मालकांनी परत विकायला काढले, किती विकले गेले, कितीला आणि किती काळाने, याची नावे गाळून केलेली यादी द्या. न विकले गेलेले खडे त्या यादीतून वगळू नका, नाहीतर ती यादी म्हणजे फक्त जिंकलेल्यांची हजेरी होईल. विम्याचे मूल्यांकन विक्रीच्या वेळी दाखवणे बंद करा. आणि ज्याच्याकडे हे पैसे सोडून म्हातारपणासाठी दुसरे काही नाही, त्याला हा खडा विकू नका, तो कितीही आग्रह करो.

यावर तुमचे उत्तर मला अंदाजाने माहीत आहे: प्रत्येक खडा वेगळा, बाजार रोज बदलतो, असा भाव लिहून देणे व्यवहार्य नाही. मग विक्रीचा भाव कसा लिहून देता? खडा तोच, बाजार तोच, दिवसही तोच. एका बाजूची किंमत पैशापर्यंत मोजता येते आणि दुसऱ्या बाजूची अजिबात येत नाही, असे शास्त्र मी तरी शिकलेलो नाही.

दुसरे उत्तरही मला ठाऊक आहे: असा आकडा छापला तर कुणी घेणारच नाही. हे कदाचित खरे असेल, पण मला तसे वाटत नाही. दोन्ही किमती समोर दिसत असताना, अंतर किती आहे ते समजून, केवळ त्या रंगाच्या मोहाने खडा घेणारे लोक आहेत. मी त्यातलाच आहे. चित्रे, जुनी घड्याळे, दुर्मीळ पुस्तके लोक अशीच घेतात आणि त्यांत कुणी फसत नाही, कारण किंमत वसूल होण्याची त्यांची अपेक्षाच नसते. अशा गिऱ्हाइकांवर तुमचा धंदा चालेल. आवाका लहान होईल, एवढेच.

उत्तर मला खासगीत पाठवू नका. तुमच्या पुढच्या जाहिरातीत, विक्रीच्या किमतीला लागून, त्याच आकाराच्या अक्षरात छापा. मी वाचेन.

आपला,
एक रत्नअभ्यासक